पॅनेलमधला आर्क आणि त्यापासूनचे संरक्षण : नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत विद्युत देखभालीच्या कामावर लागून मला तिसरा पावसाळा सुरू होता, तेव्हा एका रात्री तिथले ४३३ व्होल्टचे मुख्य पॅनेल जळाले. तीन दिवस पावसाची झड लागलेली होती, पॅनेलमधील ओल घालवणारा हीटर कधीचा बंद पडलेला होता आणि एका केबलचा लग (टोकाचा धातूचा जोड) बोल्टावर सैल झालेला होता, हे सगळे आम्हाला नंतर कळले. त्या रात्री ऐकू आला तो फक्त स्फोटासारखा आवाज आणि त्यामागून लागलेला, थांबता थांबेना असा घरघराट. ब्रेकर, म्हणजे बिघाड झाला की प्रवाह तोडणारा स्विच, उघडायला काही सेकंद लागले. पॅनेलसमोर त्या वेळी कोणी उभे नव्हते, म्हणून माणसे वाचली. सकाळी दार उघडले तेव्हा दाराच्या आतल्या अंगाला तांब्याचे थेंब ज्वारीच्या दाण्यांसारखे चिकटलेले होते आणि बसबारचा, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्टीचा, वीतभर तुकडा जागेवर नव्हता. तो वाफ होऊन गेला होता.

ब्रेकरला उघडायला लावणाऱ्या रिलीजचे सेटिंग चुकलेले नव्हते, चाचणीचे दाखले फायलीत होते, ब्रेकरही धडधाकट होता. मग तो वेळेवर का उघडला नाही, हा प्रश्न मला अनेक महिने छळत राहिला. नव्या पॅनेलला आर्क संरक्षण बसवायचे ठरले, तेव्हा ते काम माझ्याकडे आले. माहितीपुस्तिका इंग्रजीत, पुरवठा कंपनीशी पत्रव्यवहार कन्नडमध्ये, पॅनेल बनवणाऱ्याचा अभियंता फोनवर हिंदीत बोलणारा, आणि हातात पान्हा धरणारी आमची मुले खानापूर, येळ्ळूर, निपाणीकडची मराठी बोलणारी. या सगळ्यांच्या मधे उभे राहून जे शिकलो ते येथे पायरीपायरीने लिहीत आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा करून मच्छे, होनगा, काकती येथील कारखान्यांत किंवा चिकोडी-अथणी भागातील साखर कारखान्यांत नव्याने लागलेल्यांनी ते कामाला हात घालण्यापूर्वी एकदा शांतपणे वाचावे, अशी माझी विनंती आहे.

१. नेहमीच्या ब्रेकरला आर्क का दिसत नाही, ते आधी समजून घ्या

दोन फेजमधली हवा एरवी विद्युतरोधक असते. सैल लग, बसबारवर चढलेली पाल किंवा उंदीर, आत विसरलेला पान्हा, इन्सुलेटरवर साचलेली ओल आणि धूळ यांपैकी कशानेही एकदा ठिणगी पडली, की तिच्या उष्णतेने हवाच वाहक बनते आणि पुढे त्या हवेतूनच प्रवाह वाहू लागतो. यालाच आर्क म्हणतात. त्याचे तापमान सुमारे २०,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण ५,५०० अंश आहे, यावरून कल्पना करावी. तांब्याची वाफ झाली की ती मूळ आकारमानाच्या सुमारे ६७,००० पट फुगते, आणि पॅनेलची दारे उखडून फेकणारा दाब मुख्यतः या वाफेचा आणि तापून फुगलेल्या हवेचा असतो.

आता ब्रेकरचा प्रश्न. आपण ज्या शॉर्टसर्किटसाठी सेटिंग करतो, ते दोन फेज बोल्टाने घट्ट जोडल्यासारखे धरलेले असते. आर्कमध्ये मात्र वाटेत हवेचा अडथळा असतो, त्यामुळे प्रवाह त्यापेक्षा बराच कमी राहतो; ४३३ व्होल्टवर तर तो पुष्कळदा निम्म्याच्या आसपास येतो. आमच्याच पॅनेलचा हिशेब पाहा. १,००० केव्हीएचा, ५ टक्के इंपिडन्सचा (आतल्या अडथळ्याचा) ट्रान्सफॉर्मर असेल, तर पूर्ण भाराचा प्रवाह १,३३३ अँपिअर आणि घट्ट शॉर्टसर्किटचा प्रवाह सुमारे २६,७०० अँपिअर येतो. आर्कचा प्रवाह त्याच्या निम्मा, म्हणजे १३,००० अँपिअर धरू. इनकमरवर, म्हणजे पॅनेलमध्ये वीज येते त्या जागी, १,६०० अँपिअरचा एसीबी (हवेत प्रवाह तोडणारा ब्रेकर) आहे आणि त्याचे शॉर्ट टाइम सेटिंग (शॉर्टसर्किटवर लवकर उघडण्याचे) दहापट, म्हणजे १६,००० अँपिअरवर ठेवलेले आहे. १३,००० अँपिअर त्या रेषेला पोहोचतच नाहीत. ब्रेकरच्या लेखी हा नुसता जादा भार ठरतो आणि तो लाँग टाइमच्या (जादा भारासाठीच्या, सावकाश उघडण्याच्या) वक्राने मोजणी सुरू करतो. सहापट प्रवाहाला १० सेकंद असे सेटिंग असेल, तर या प्रवाहाला साडेपाच सेकंदांच्या जवळपास वेळ लागतो. आमच्या बसबारची वाफ या साडेपाच सेकंदांत झाली. ब्रेकरने त्याला जे शिकवले होते तेच केले.

आर्कची उष्णता काळाच्या प्रमाणात वाढत जाते. साधारण १०० मिलिसेकंदांच्या सुमारास केबलचे आवरण पेट घेते, १५० च्या पुढे तांबे आणि २०० च्या पुढे पोलाद जळू लागते. म्हणून १०० मिलिसेकंदांच्या आत प्रवाह तुटला, तर बहुतेक वेळा साफसफाई आणि थोडी दुरुस्ती करून पॅनेल पुन्हा वापरता येते. अर्धा सेकंद गेला की सहसा नवे पॅनेल मागवावे लागते. या कामात जे जे करायचे आहे ते मिलिसेकंद वाचवण्यासाठी आहे, हे डोक्यात ठेवून पुढे चला.

माणसाच्या अंगाचा हिशेबही असाच आहे. राल्फ ली या अमेरिकी अभियंत्याने १९८२ साली आर्कमुळे होणाऱ्या भाजण्याचे गणित मांडले. पुढे आयईईई १५८४ हे मानक २००२ साली आले आणि २०१८ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी उष्णता लागली, की फोड येण्याइतके भाजणे सुरू होते असे धरतात. टेरिकॉट, नायलॉनचे कपडे वितळून अंगाला चिकटतात, म्हणून पॅनेलवर काम करताना निदान जाड सुती कपडे घाला, आणि चालू पॅनेलजवळ जाणे अटळ असेल तर ज्यावर कॅलरीचा आकडा छापलेला आहे असाच आर्क सूट मागून घ्या. मागताना संकोच करू नका.

२. कागदपत्रे आणि साधने आधी गोळा करा

ही यादी अर्धवट ठेवून मी काम सुरू केले होते आणि मधेच आठ दिवस खोळंबलो होतो. पुढील गोष्टी टेबलावर आल्याशिवाय रिलेची, म्हणजे आर्क ओळखून ब्रेकरला आज्ञा देणाऱ्या उपकरणाची, ऑर्डरसुद्धा देऊ नका.

- कारखान्याचा अद्ययावत सिंगल लाइन डायग्राम. विद्युत निरीक्षणालयाने मंजूर केलेली प्रत आणि प्रत्यक्ष पॅनेल यांचा मेळ स्वतः फिरून घाला. नंतर वाढवलेले फीडर (पॅनेलमधून बाहेर जाणारे फाटे) पुष्कळदा कागदावर आलेलेच नसतात.
- आपल्या एचटी (उच्च दाबाच्या, येथे ११ केव्हीच्या) जोडणीच्या जागेचा फॉल्ट लेव्हल, म्हणजे तेथे शॉर्टसर्किट किती मोठे होऊ शकते तो आकडा, हेस्कॉम या वीजपुरवठा कंपनीकडून लेखी घेतलेला.
- ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवरील केव्हीए आणि इंपिडन्स टक्केवारी, तसेच प्रत्येक सीटीचे (प्रवाह मोजण्यासाठीच्या ट्रान्सफॉर्मरचे) गुणोत्तर, वर्ग आणि नेमकी जागा.
- प्रत्येक ब्रेकरचा उघडण्याचा वेळ आणि त्याला उघडणाऱ्या ट्रिप कॉइलचे व्होल्टेज.
- ट्रिपिंगसाठी लागणाऱ्या डीसी बॅटरीची क्षमता आणि शेवटच्या तपासणीची तारीख.
- साधनांत टॉर्क पान्हा, मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर), मल्टिमीटर, व्होल्टेज डिटेक्टर, अर्थिंग रॉड, रबरी हातमोजे, कुलपे, सेकंडरी इंजेक्शन संच (रिलेला चाचणीचा प्रवाह देणारा) आणि सेन्सर तपासायचा फ्लॅश.

अर्ज आणि पत्रे कन्नडमध्ये येतात, म्हणून वाचून घ्यायला संकोच न करता कन्नड जाणणारा सहकारी सोबत ठेवा. एचटी बाजूला हात लावायचा असेल, तर लाइन क्लिअर, म्हणजे लाइन बंद केल्याची हमी, जिला इकडे सगळे एलसी म्हणतात, ती तोंडी कधीही मान्य करू नका. ती लेखी असावी, तिच्यावर वेळ असावी आणि परत करतानाही सही व्हावी. यार्डातल्या पाटीवरची कन्नड लिपी वाचता येत नसली, तरी एक शब्द ओळखायला शिका : धोक्यासाठी कन्नडमध्ये ‘अपाय’ हाच शब्द आहे, जो आपण मराठीत इजेसाठी वापरतो.

३. रिले निर्णय कसा घेतो

आर्क पेटला की पहिल्या मिलिसेकंदातच लख्ख उजेड पडतो. आर्क रिले हा उजेड सेन्सरने टिपतो. बहुतेक रिलेंमध्ये उजेडाची मर्यादा ८,००० ते १०,००० लक्सच्या आसपास असते. परंतु नुसत्या उजेडावर भिस्त ठेवली तर दार उघडे असताना आत आलेले ऊनही ब्रेकर पाडेल, कारण भर दुपारचे ऊन १,००,००० लक्सपर्यंत जाते. शेजारी चाललेले वेल्डिंग किंवा उघडणाऱ्या एसीबीच्या तोंडातून निघालेला उजेडही तेच करू शकतो. म्हणून रिलेला दुसरी अट घालतात : त्याच क्षणी प्रवाहही नेहमीपेक्षा वाढलेला असला पाहिजे. दोन्ही अटी एकदम पुऱ्या झाल्या तरच ट्रिप. यात वक्राची मोजणी नाही, वाट पाहणे नाही. सेमिकंडक्टर आऊटपुट असलेला रिले १ ते २ मिलिसेकंदांत आणि साध्या रिले संपर्काचा ७ ते १० मिलिसेकंदांत ब्रेकरला आज्ञा देतो.

त्यानंतरचा वेळ ब्रेकरचा. ११ केव्हीच्या व्हीसीबीला (निर्वात ब्रेकरला) प्रवाह तोडायला साधारण ५० ते ८० मिलिसेकंद आणि एसीबीला ३० ते ५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे आमच्या पॅनेलमध्ये साडेपाच सेकंदांच्या जागी सगळे मिळून ६० मिलिसेकंदांच्या आत काम होते, आणि उष्णता जवळजवळ नव्वदपट कमी होते. नव्या पॅनेलच्या खर्चाची मंजुरी मी या एका आकड्यावर मिळवली. याहून वेगवान उपायही आहे. त्यात आर्क दिसताच एक यंत्रणा ५ मिलिसेकंदांच्या आत बसबारवर मुद्दाम घट्ट शॉर्टसर्किट करते, आर्कचे व्होल्टेज हिरावून घेते आणि मग ब्रेकर सावकाश उघडतो. मात्र त्याने ट्रान्सफॉर्मरवर पूर्ण शॉर्टसर्किटचा ताण येतो आणि किंमतही मोठी असते, त्यामुळे मध्यम कारखान्याने त्याच्या मागे लागण्याआधी साधी व्यवस्था नीट बसवावी, असे माझे मत आहे.

पॅनेल ‘इंटर्नल आर्क’ चाचणी झालेले आहे असे विक्रेता सांगतो, तेव्हा गैरसमज करून घेऊ नका. आयईसी ६२२७१-२०० प्रमाणे होणारी ही चाचणी एचटी पॅनेलचा आर्क ठरावीक काळ दारामागे कोंडून बाहेरच्या माणसाला वाचवते, तेही सगळी दारे नीट बंद असताना. पॅनेल आतून वाचवण्याचे काम तिचे नाही.

घरगुती एएफडीडी (घराच्या वायरिंगमधला आर्क ओळखणारे उपकरण) ही याहून वेगळी वस्तू आहे, आणि दोन्हींची गल्लत बाजारात नेहमी होते. घरातल्या सैल सॉकेटमध्ये किंवा कुरतडलेल्या वायरमध्ये होणारा आर्क भाराइतकाच प्रवाह घेतो, म्हणून एमसीबीला तो कळत नाही, आणि गळती नसल्याने आरसीसीबीलाही कळत नाही. एएफडीडी प्रवाहाच्या लहरीतील विशिष्ट खळबळ ओळखून तो तोडते. तिचे मानक आयईसी ६२६०६ हे २०१३ साली आले. खासबाग-वडगावच्या घरांतून यंत्रमाग चालवणाऱ्यांनी, सूत आणि तंतू उडत असल्यामुळे, तिचा विचार जरूर करावा. येथे मात्र पुढे पॅनेलचेच बोलू.

४. सेन्सर बसवण्याच्या जागा

सेन्सर दोन प्रकारचे असतात. बिंदू सेन्सर हा बोटाच्या पेराएवढा असतो आणि एका कप्प्यातला उजेड पाहतो. दुसरा म्हणजे फायबरची लांब तार, जी पूर्ण लांबीभर उजेड टिपते आणि रिलेकडे परत येते, त्यामुळे ती कोठे तुटली तर रिलेला आपोआप समजते. लांब बसबार कप्प्यासाठी फायबर, आणि केबल व ब्रेकर यांच्या स्वतंत्र कप्प्यांसाठी बिंदू सेन्सर असे आम्ही केले, कारण कोणत्या कप्प्यात आर्क झाला हे त्यामुळे नेमके कळते.

जागा निवडताना सेन्सर आणि बसबार यांच्यामध्ये कशाची सावली पडत नाही ना, हे दार बंद केल्यावरच्या स्थितीत तपासा. दाराला जोडलेल्या वायरींचा जुडगा आमच्या एका सेन्सरच्या बरोबर समोर येत होता आणि ते दार उघडे असताना लक्षात येण्यासारखे नव्हते. फायबर एका फेजवरून दुसऱ्या फेजकडे सरळ ताणू नका. ते स्वतः विद्युतरोधक असले तरी त्यावर धूळ आणि ओल बसली की गळतीला वाट मिळते. माहितीपुस्तिकेत दिलेल्या त्रिज्येपेक्षा तीव्र वळण दिल्यास आतली तार तुटते किंवा उजेड क्षीण होतो.

५. कोणत्या उजेडाला कोणता ब्रेकर, हे कागदावर ठरवा

सगळ्या कामातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत जास्त चुका येथेच होतात. रिले महागडा घेतला आणि चुकीचा ब्रेकर उघडला, तर आर्क जळतच राहतो. एक नियम पाठ करा : आर्कला वीज जेथून मिळते, त्या बाजूचा ब्रेकर उघडला पाहिजे.

बाहेर जाणाऱ्या फीडरच्या केबल कप्प्यात आर्क झाला, तर त्याच फीडरचा ब्रेकर पुरे आहे. बाकीचा कारखाना चालू राहतो. बसबार कप्प्यात किंवा बाहेर जाणाऱ्या कोणत्याही फीडरच्या ब्रेकर कप्प्यात झाला, तर इनकमर उघडला पाहिजे आणि दोन भाग जोडणारा बसकपलर असेल तर तोही.

खरा सापळा इनकमरच्या स्वतःच्या केबल कप्प्यात आहे. तेथे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि एसीबी यांच्या मधे आर्क झाला, तर एसीबी उघडून काहीही होत नाही, कारण वीज त्याच्या अलीकडूनच येत असते. त्या सेन्सरने ११ केव्हीच्या व्हीसीबीलाच आज्ञा दिली पाहिजे, आणि त्यासाठी दोन पॅनेलांमध्ये स्वतंत्र इंटरट्रिप केबल ओढावी लागते. आमच्या पहिल्या आराखड्यात ती नव्हती. पॅनेल बनवणाऱ्याने सगळे सेन्सर एकाच आऊटपुटला, एसीबीला, जोडून पाठवले होते आणि ‘सगळीकडे असेच असते’ असे उत्तर दिले होते. मी एका वहीच्या पानावर प्रत्येक सेन्सरचा क्रमांक, त्याचा कप्पा आणि त्याने उघडायचा ब्रेकर असा तक्ता काढला, तेव्हाच ही चूक सर्वांना दिसली. तुम्हीही तो तक्ता स्वतःच्या हाताने काढा. या सेन्सरसाठी प्रवाहाची अटही एचटी बाजूच्या सीटीवरून घ्यावी लागते. ४३३ व्होल्टवरचे १३,००० अँपिअर ११ केव्हीकडे फक्त ५१२ अँपिअर होतात. मात्र तिकडचा पूर्ण भार ५२ अँपिअरच असल्यामुळे वाढ स्पष्ट दिसते.

आज्ञा मिळूनही ब्रेकर अडकला तर काय, याचीही सोय करा. १०० ते १५० मिलिसेकंदांत प्रवाह थांबला नाही, तर रिलेने त्याच्या वरचा ब्रेकर उघडावा, असे ब्रेकर फेल्युअरचे सेटिंग असते. ते बंद ठेवू नका. आज्ञा नेहमी शंट ट्रिप कॉइलला द्या. अंडरव्होल्टेज कॉइलला (व्होल्टेज पडले की ब्रेकर सोडणारीला) मुद्दाम विलंब दिलेला असू शकतो आणि आपले वाचवलेले मिलिसेकंद तेथे वाया जातात.

६. जनरेटरवर कारखाना चालू असताना संरक्षण आंधळे होऊ देऊ नका

वीज गेली की डीजी सेट (डिझेल जनरेटर) सुरू होतो आणि त्या वेळेचा विचार कोणी करत नाही. ५०० केव्हीएच्या सेटचा पूर्ण भार सुमारे ६९५ अँपिअर असतो आणि शॉर्टसर्किटचा प्रवाह पहिल्या झटक्यानंतर साधारण तिपटीवर, म्हणजे २,१०० अँपिअरच्या आसपास उतरतो. आर्कचा त्याहूनही कमी. प्रवाहाची अट ट्रान्सफॉर्मरच्या हिशेबाने २,००० अँपिअरवर ठेवलेली असेल, तर डीजीवर चालताना आर्क झाला तरी रिलेला उजेड दिसेल, प्रवाह पुरेसा दिसणार नाही, आणि तो गप्प राहील. म्हणून डीजीच्या इनकमरच्या सीटीला वेगळे, खालचे सेटिंग द्या आणि त्याच्या ब्रेकरलाही तक्त्यात जागा द्या.

साखर कारखान्यांत ही गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. गळीत हंगामात बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) चालणारे जनरेटर आणि ग्रिड एकाच बसवर समांतर चालतात, त्यामुळे आर्कला दोन्हीकडून वीज मिळते आणि दोन्हीकडचे ब्रेकर एकदम उघडावे लागतात. शिवाय जनरेटरचा न्यूट्रल रेझिस्टरमधून अर्थ केलेला असतो, त्यामुळे फेज ते अर्थ अशा आर्कचा प्रवाह फारच थोडा राहतो. तेथे फेज प्रवाहाच्या जोडीला अर्थ फॉल्ट प्रवाहाची अटही चालू असली पाहिजे.

७. सेटिंग

येथे फार बारकावे नाहीत. फेज प्रवाहाची अट पूर्ण भाराच्या दीड ते दुपटीच्या दरम्यान ठेवतात. मोठी मोटार सुरू होताना प्रवाह त्याच्या वर गेला तरी बिघडत नाही, कारण उजेडाची अट पुरी झालेली नसते. नको त्या ट्रिपच्या भीतीने हा आकडा वर चढवण्याचा मोह सर्वांना होतो, तो टाळा. ज्यांच्या ब्रेकरला ‘मेंटेनन्स मोड’चा स्विच आहे, त्यांनी दार उघडण्यापूर्वी तो लावण्याची सवय करावी, म्हणजे तेवढ्या वेळापुरता ब्रेकरही विलंब न लावता उघडतो.

८. चाचणी घेतल्याशिवाय ताब्यात घेऊ नका

पॅनेल बंद, कुलूपबंद आणि अर्थ केलेले असतानाच ही चाचणी घ्या. प्रत्येक सेन्सरसाठी तीन वेळा खात्री करायची असते. आधी नुसता उजेड द्या : रिलेने नोंद करावी, पण ट्रिप होऊ नये. मग उजेडाविना सेकंडरी इंजेक्शनने सेटिंगपेक्षा जास्त प्रवाह द्या : आर्क विभागाने ट्रिप देऊ नये. शेवटी दोन्ही एकदम द्या, आणि तक्त्यात लिहिलेला ब्रेकर, तोच आणि तेवढाच, प्रत्यक्ष उघडतो का ते पाहा. रिलेवरचा दिवा लागला म्हणजे झाले असे समजणारे पुष्कळ भेटतात. ब्रेकरचा खटका कानाने ऐकू आला पाहिजे आणि वेळ मोजून कागदावर लिहिला गेला पाहिजे.

उजेडासाठी उत्पादकाने सुचवलेलाच फ्लॅश वापरा. मोबाईलच्या दिव्याने सेन्सर जागा झाला नाही म्हणून आम्ही एक चांगला सेन्सर बदलून टाकला होता.

९. धूळ आणि पावसाळा यांचे वेळापत्रक वेगळे ठेवा

आपल्याकडच्या फाउंड्रींत हवेत वाळू आणि कोळशाची काळी भुकटी असते. चाचणीनंतर सहा महिन्यांनी मी भट्टीजवळच्या पॅनेलमधला एक सेन्सर पांढऱ्या सुती कापडाने पुसला, तेव्हा कापडावर काजळासारखा गोल डाग उमटला आणि सेन्सरची काच खाली नव्यासारखी निघाली. इतका झाकलेला सेन्सर आर्कच्या वेळी किती उशिरा जागा झाला असता, कोण जाणे. बिंदू सेन्सरच्या काचेवर बसलेली धूळ प्रत्येक रिलेला स्वतःहून कळतेच असे नाही. तेव्हापासून भट्टीजवळच्या पॅनेलांचे सेन्सर आम्ही दर तीन महिन्यांनी, शटडाऊन घेऊन, पुसतो. हीच भुकटी इन्सुलेटरवर बसून आर्कलाही वाट करून देते, म्हणून व्हॅक्यूम क्लीनरने ती ओढून घ्यावी. हवेच्या दाबाने उडवली तर ती शेजारच्या कप्प्यात जाऊन बसते.

मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, पुढील कामे उरकून घ्या : सर्व हीटर हात लावून गरम होतात का ते पाहणे, केबल शिरण्याची भोके बंद करणे, म्हणजे पाल आणि उंदीर आत येणार नाहीत, प्रत्येक जोड टॉर्क पान्ह्याने माहितीपुस्तिकेतील आकड्यापर्यंत आवळून त्यावर रंगाची रेघ मारणे, आणि भार असताना थर्मल कॅमेऱ्याने तापलेले जोड शोधणे. खानापूरकडे जंगलाला लागून असलेल्या सबस्टेशनांत तर भोके बंद करण्याचे काम पहिले धरावे. डीसी बॅटरी भार देऊन तपासा, कारण ती उतरलेली असेल तर रिलेने १ मिलिसेकंदात दिलेली आज्ञा ब्रेकरपर्यंत पोहोचतच नाही.

१०. आर्क ट्रिप झाल्यावर

उत्पादन थांबलेले असते, वरून फोन येऊ लागतात, आणि ‘एकदा चालू करून तर बघा’ असे कोणीतरी म्हणतेच. करू नका. आर्क रिले लॉकआऊट रिलेमार्फत ब्रेकर अडवून ठेवतो, तो याचसाठी. आमच्या पॅनेलच्या दारावर कन्नड, मराठी आणि हिंदी अशा तीन भाषांत आम्ही लिहून लावले आहे : आर्क ट्रिप झाल्यास रिसेट करू नये, विद्युत विभागाला बोलवावे. पाळीवर बाहेरच्या राज्यांतून आलेले कामगारही असतात, म्हणून एका भाषेवर थांबू नका.

कोणाला इजा झाली असेल, तर आधी पुरवठा तोडून त्या माणसाला हलवा आणि उपचार मिळवा. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे अशा अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते. ती २४ तासांच्या आत गेली पाहिजे आणि जागा जशीच्या तशी ठेवली पाहिजे.

इजा नसेल तर रिलेवर कोणत्या क्रमांकाचा सेन्सर आणि कोणती अट दिसते, त्याचा फोटो काढा आणि रिलेतील नोंद उतरवून घ्या; रिसेट केल्यावर काही रिलेंतून ती पुसली जाते. मग पुरवठा तोडा, कुलूप लावा, व्होल्टेज नाही याची खात्री करा, अर्थ करा, आणि तोच कप्पा उघडा. आर्क ६० मिलिसेकंदांत विझलेला असेल तर खुणा फार लहान असतात : बसबारच्या कडेला काळसर ठिपका, इन्सुलेटरवर केसाएवढी रेघ, कोपऱ्यात जळालेली पाल. कारण सापडेपर्यंत शोधत राहा. सापडल्यावर तांब्याचे कण आणि काजळी पुसून काढा, रिले आणि मीटरच्या वायरी सोडवून ४३३ व्होल्टच्या बसबारला १,००० व्होल्टच्या मेगरने आणि ११ केव्हीच्या बसबारला ५,००० व्होल्टच्या मेगरने तपासा, आकडे मागच्या नोंदीशी ताडून पाहा, त्या कप्प्यातला सेन्सर पुसून फ्लॅशने पुन्हा तपासा, आणि त्यानंतरच लॉकआऊट रिसेट करून, सर्वांना पॅनेलसमोरून बाजूला उभे करून, दूरच्या बटणाने ब्रेकर चढवा.